चार दिवसांचा आठवडा आणि एका इग्बो गावाचा नकाशा

लागोसमध्ये नोकरीनिमित्त राहायला लागून तीन वर्षे होत आली, तरी नायजेरियातले खेडे म्हणून मी जे काही पाहिले होते ते मोटारीच्या काचेतूनच. आमच्या कार्यालयातला एक सहकारी इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातल्या त्या नावाच्या समाजातला, आहे. तो दर डिसेंबरात ‘गावी चाललो’ असे सांगतो, आणि त्याचा तो सूर गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याचाच असतो. गेल्या डिसेंबरात त्याने मलाही बरोबर नेले. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूमापक होते, त्यामुळे नव्या गावात पाऊल ठेवले की वहीच्या पानावर त्याचा कच्चा नकाशा काढायचा, ही खोड मला लहानपणापासून आहे. ही खोड या गावात जितकी नडली तितकी आजवर कुठेच नडली नव्हती.

गावाचे नाव घरच्यांच्या इच्छेवरून लिहीत नाही. ठिकाण मात्र सांगतो. नायजेरियाच्या आग्नेय भागात, नायजर नदीच्या पूर्वेला अनाम्ब्रा राज्य आहे. त्यातल्या आग्वाटा विभागात एक्वुलोबिया नावाचे मोठे बाजारगाव आहे, आणि तिथून रिक्षाने पाव तासावर, दोन उतारांच्या मधल्या माथ्यावर हे गाव वसलेले आहे.

पहिला दिवस: ओये

इग्बो आठवडा चार दिवसांचा असतो: एके, ओये, आफो आणि न्क्वो. काही भागांत ओयेला ओरिए म्हणतात. हे दिवस मुळात बाजाराचे दिवस असून प्रत्येक मोठ्या बाजाराला त्यातला एक ठरलेला असतो. असे सात आठवडे झाले की महिना पुरा होतो. ओकेके, ओकोये, ओकाफोर, ओकोन्क्वो ही सर्रास आढळणारी आडनावे मुळात त्या त्या वारी जन्मलेल्या मुलाची नावे होत. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरचे सोम्या, मंगळ्या, बुध्या आठवले की हे लगेच समजते. आम्ही ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी निघालो, तो ओये होता.

लागोस ते ओनित्शा हे अंतर जवळपास साडेचारशे किलोमीटर आहे. बस सुटताच एका प्रवाशाने उभे राहून सर्वांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना म्हटली, आणि ती संपते न संपते तोच दुसऱ्याने पोटदुखीपासून गुडघेदुखीपर्यंत सर्वांवर चालणारे एकच औषध विकायला काढले. बेनिन शहराच्या पुढे बसचा पट्टा तुटला आणि दोन तास रस्त्याकडेला गेले. त्यामुळे असाबा-ओनित्शा दरम्यानची नायजर आम्ही मावळतीला ओलांडली. नदीवर १९६५ साली खुला झालेला पोलादी पूल आहे आणि २०२३ पासून दुसराही पूल सुरू झाला आहे. डिसेंबरात एकाच पुलावर तासन्‌तास अडकून पडण्याच्या जुन्या कहाण्या मित्र मोठ्या चवीने सांगत होता. हार्मटान सुरू होता. सहाऱ्याकडून येणारा तो कोरडा वारा इतकी बारीक धूळ आणतो की सूर्य कुंकवाच्या टिकलीसारखा दिसतो आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

ओनित्शाहून न्नेवी ओलांडून एक्वुलोबियाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिथून पुढची सोय तीनचाकी ‘केके’ची, म्हणजे आपल्या बजाजच्या रिक्षाची. पुण्याच्या कंपनीची ती ओळखीची घरघर ऐकत, लाल मातीच्या रस्त्याने, पुढच्या दिव्याच्या झोतात धुळीखेरीज काहीही दिसत नसताना मी गावात शिरलो, की शिरलोच नाही, हे मला तेव्हा कळले नाही. ‘गाव कधी येणार?’ असे मी विचारले तेव्हा मित्र म्हणाला, ‘दहा मिनिटे झाली, आपण गावातच आहोत.’

येणाऱ्यांसाठी इथेच चार गोष्टी सांगून ठेवतो. ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात पूर्वेकडे जाणाऱ्या बसचे भाडे भरमसाट वाढते, त्यानंतर ते उतरते. प्रवास उजेडीच संपेल असा बेत करावा. आमचा फसला, पण तो करण्यात चूक नव्हती. २०२१ साली आग्नेय नायजेरियात सोमवारी बंद पाळण्याची प्रथा पडली, तेव्हा सोमवारचा प्रवास ठरवण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावे. भारतात परतायचे असेल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला पासपोर्टइतकाच जपावा.

दुसरा दिवस: आफो

सकाळी वही घेऊन बाहेर पडलो. माझ्या डोक्यातले गाव देशावरचे: वेस, मारुती, पार, चावडी, एकमेकांना भिंती लावून उभी असलेली घरे, म्हणजे पांढरी, आणि तिच्याभोवती शेतांची काळी. गाव कुठे संपते हे तिथे पायालाच कळते. इथे पांढरी आणि काळी एकमेकांत कालवून टाकलेली. प्रत्येक घर आपापल्या आवारात, आवाराला भिंत आणि फाटक, फाटकाबाहेर केळी, तेलताड, कसावा, रताळ्यासारखे वेल, मध्येच फणसाएवढी फळे खोडालाच धरलेले उक्वाचे झाड, आणि त्या झाडीतून पन्नास-साठ पावले चालले की दुसरे फाटक. एका आवारात पत्र्याचे जुने दोन खोल्यांचे घर, तर शेजारी काचेच्या खिडक्यांचा तीन मजली बंगला, जो वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतो. लागोस, आबुजा आणि परदेशात कमावलेल्या पैशाचे हे बंगले डिसेंबरात तेवढे उजळतात. मी आलो त्या रात्री प्रत्येक बंगल्याचा जनरेटर धडधडत होता.

दीड तासात वहीत अठ्ठावीस चौकोन काढून झाले, पण त्यांचा एकमेकांशी संबंध लागेना. रस्ता म्हणावा असा एकच, तोही वाकडातिकडा, आणि बाकी साऱ्या पायवाटा. निराश होऊन परतलो तर मित्राच्या आईने, जिला सगळे गाव मामा म्हणते (इग्बोंकडे मामा म्हणजे आई, त्यामुळे पहिला दिवसभर मी मनातल्या मनात चुकत होतो), वही हातात घेतली, ती उलटी केली, सुलटी केली आणि विचारले, ‘यात माणसे कुठे आहेत?’

त्यानंतर जे समजले ते असे. या भागातल्या गावांची कित्येक नावे ‘उमु’ने सुरू होतात, आणि उमु म्हणजे लेकरे: अमक्या पूर्वजाची लेकरे. आपल्याकडे गावात भावक्या असतात. इथे भावकी वाढली आणि तिचे गाव झाले. त्या भावकीला उमुन्ना, म्हणजे बापाची लेकरे, म्हणतात. एका उमुन्नात सोयरीक होत नाही, म्हणून गावातली प्रत्येक सून बाहेरून आलेली आणि प्रत्येक लेक बाहेर गेलेली. थोरल्याचे आवार जुन्या जागी, धाकट्यांची त्याच्यापासून फुटत गेलेली. असे हे वंशवृक्ष जमिनीवर आडवे पाडल्यासारखे गाव आहे. मी दिशेने शोधत होतो आणि ते नात्याने मांडलेले होते.

याचा पुरावा त्याच दुपारी मिळाला. मित्राच्या वडिलांच्या, म्हणजे पापांच्या, ओबीत पाहुणा म्हणून मला बसवण्यात आले. ओबी म्हणजे आवारात फाटकासमोरच असलेली घरधन्याची बैठक. पूर्वी ती मातीची आणि गवताने शाकारलेली असे. आता सिमेंटची, वर पत्रा आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्या. पण तिचे तोंड फाटकाकडे असते, कारण आत येणारा प्रत्येक माणूस आधी घरधन्याच्या नजरेखालून गेला पाहिजे. भावकीतले सात-आठ वडीलधारे जमले, आणि लाकडी तबकात कोलाचे, म्हणजे त्या नावाच्या झाडाचे चघळायचे, दाणे आले. कोला आणणारा आयुष्य आणतो, अशी इग्बो म्हण आहे. तबक थेट पाहुण्यापुढे येत नाही. ते एकाकडून दुसऱ्याकडे दाखवत नेले जाते, जवळच्या भाऊबंदाकडून लांबच्याकडे, आणि तसेच परत यजमानाच्या हाती येते. मग सर्वांत वडील माणूस प्रार्थना म्हणतो, तीही इग्बोतच, कारण कोलाला इंग्रजी समजत नाही. तबक फिरत असताना मित्र माझ्या कानात सांगत होता, ‘हे आमच्या शेजारचे आवार, हे त्याच्या पलीकडचे, हे टेकाडाखालचे.’ मी गुडघ्यावर वही ठेवून तबकाच्या वाटेने रेषा ओढल्या. सकाळचे सुटे चौकोन दहा मिनिटांत एकमेकांना जोडले गेले.

दाणा फोडला तो चार फाकांचा निघाला आणि सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या, कारण चार फाका म्हणजे चार बाजार. चव कडू आणि तुरट, पण नंतर पाणी प्यायले की गोड लागते. आपल्या आवळ्यासारखेच. सोबत शेंगदाण्याच्या झणझणीत वाटणात बुडवून खायला हिरवी कच्ची वांगी होती. कच्चे वांगे मी आयुष्यात प्रथम खाल्ले आणि सांगायला हरकत नाही, तीन खाल्ली.

एवढे लक्षात ठेवावे: ओबीत रिकाम्या हाताने जाऊ नये, बाटलीभर श्नॅप्स (कडक दारू) किंवा फळे न्यावीत, डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला शिकवावे लागत नाही, आणि कोला समोर आल्यावर ‘नको’ म्हणू नये, तुकडा चघळता येत नसेल तर खिशात घालून घरी न्यावा.

संध्याकाळी गावाच्या मैदानात, इलोत, मुखवटेधारी नाचले. इलोच्या कडेला एक जुनाट उडाळाचे झाड आहे. ते चिकूच्या कुळातले असून हार्मटानात त्याला नारिंगी फळे येतात. फळ झाडावरून तोडायचे नाही, पडेल ते मुलांनी वेचायचे, हा दंडक सगळे पाळतात. त्यामुळे पहाटे झाडाखाली पोरांची झुंबड असते. मला एका मुलीने आपल्या ओट्यातले एक फळ दिले. आंबटगोड गर आणि चिकाने चिकटलेले ओठ, ते सोडवायला रात्री मामांनी ताडतेलाचे बोट दिले. मुखवटे पूर्वजांचे आत्मे मानले जातात. ते रस्त्याने येत नाहीत. झाडीच्या बाजूच्या एका ठरलेल्या वाटेने येतात, आणि त्या वेळी बायका लांब उभ्या राहतात. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. मी विचारले, ‘नाही’ असे उत्तर आले, आणि मी नकाशात ती वाट तेवढी तुटक रेषेने काढली.

तिसरा दिवस: न्क्वो

न्क्वो हा इग्बो-उक्वूच्या बाजाराचा दिवस. ते गाव इथून जवळच, पश्चिमेला आहे, आणि पुरातत्त्वाची आवड असणाऱ्याला ते नाव परिचित असेल. १९३८ साली आयझाया अनोझी नावाचा गृहस्थ आपल्या आवारात पाण्याचे टाके खणत असताना कांस्याच्या वस्तू सापडल्या. पुढे पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी १९५९ आणि १९६४ साली तिथे उत्खनन केले. दोरीच्या जाळीत बसवल्यासारखे दिसणारे पात्र, शंखांच्या आकृती, मेणाच्या साच्यातून ओतलेले इतके नाजूक काम, आणि काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपासचा. त्यांबरोबर काचेचे आणि अकीकाचे मिळून दीड लाखाहून अधिक मणी निघाले, आणि त्यातले काही भारतातून व्यापारमार्गांनी इथवर आले असावेत, असे काही संशोधकांना वाटते. माझ्या दृष्टीने मात्र त्याहून मौजेची गोष्ट उत्खननस्थळांच्या नावांची: इग्बो आयझाया, इग्बो रिचर्ड आणि इग्बो जोना. तिघे भाऊ, तिघांची आवारे. ज्ञात जगाच्या नकाशावर गेलेली ही तीन ठिकाणे, पण त्यांचा पत्ता शेवटी माणसाच्या नावानेच लिहावा लागला. वस्तू पाहायच्या असतील तर त्यातल्या पुष्कळशा लागोसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. इथे येऊन जमीन पाहावी.

बाजारातून मामांनी उक्वा घेतला. तो फणसाच्याच कुळातला. प्रचंड गोल फळ कुजवून त्यातले शेंगदाण्याएवढे दाणे धुऊन काढतात. परतल्यावर मामांनी ते सोलले, मक्याच्या दाण्यांबरोबर दीड तास शिजवले, ताडतेल आणि मिरची घातली, आणि माझ्यासाठी सुकी कोळंबी वगळली, ज्याबद्दल घरातल्या बाकीच्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. चव थेट आठळ्यांची. रत्नागिरीच्या आजोळी पावसाळ्यात चुलीत भाजलेल्या आठळ्या खाल्लेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको. शाकाहारी मंडळींनी इथे उक्वा, उकडलेला याम हा कंद आणि तळलेली केळी यांवर भिस्त ठेवावी. कडू पाल्याची रस्साभाजी, ओफे ओनुग्बु, ही या भागाची खासियत, पण तिच्यात मासा नसेल असे समजू नये.

रात्री पापांनी माझी वही मागितली आणि कोऱ्या पानावर माझे गाव काढायला सांगितले. मी वेस काढली, देऊळ काढले, आळ्या काढल्या, ओढा काढला. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले, ‘तुमचे आजोबा कुठे आहेत?’ मी ओढ्यापलीकडच्या स्मशानावर बोट ठेवले आणि दहनाची पद्धत सांगितली. इथे पूर्वज घरासमोर असतात. आवारात शिरताना डाव्या हाताला फरशी बसवलेल्या दोन समाध्या आहेत, पापांच्या वडिलांची आणि आईची. त्यांवर दिवसा मुले बसतात, मामा मिरच्या वाळत घालतात. शेजारी ओगिरीसीची झाडे, सरळसोट वाढणारी, जांभळट गुलाबी फुलांची. तीच झाडे हद्दीच्या खुणेला लावतात, तीच देवस्थानाशी. पापा म्हणाले, ‘मग जमिनीचा तंटा झाला तर साक्ष कोण देते?’ मी सात-बारा म्हणालो. तो त्यांना पटला असे वाटले नाही, आणि वडिलांच्या कचेरीतले दाव्यांचे गठ्ठे आठवून मीही फार जोर केला नाही.

चौथा दिवस: एके

पहाटे चांगली थंडी होती. हार्मटानात स्वेटर आणि ओठांना लावायला व्हॅसलिन हवेच. दुपारी मात्र पुन्हा घामाच्या धारा. आज एक्वुलोबियाचा बाजार होता, आणि तो झाला की माझा इथला आठवडा पुरा. पण बाजाराआधी मित्राच्या थोरल्या भावाने मला गावाची खालची बाजू पाहायला नेले. नकाशाच्या त्या कडेला मी ‘बांबू’ असे लिहून सोडून दिले होते.

बांबूच्या बेटापलीकडे जमीन एकाएकी संपते. समोर दरी नव्हे, तर जखम म्हणावी अशी उभी लाल-पांढरी भिंत, तिच्या तळाशी उन्मळलेले ताड, आणि एका बाजूला कोणाच्या तरी कुंपणाचा लोंबकळणारा तुकडा. आगुलू-नांका परिसरातल्या या घळी प्रसिद्ध आहेत. इथल्या लाल मातीखाली सुट्या वाळूचा जाड थर आहे. पावसाळ्यात उतारावरून धावणारे पाणी एकदा त्या थराला भिडले की खालची वाळू वाहून जाते आणि वरची जमीन कोसळते. पत्र्याची छपरे, सिमेंटची अंगणे आणि गटाराशिवायचे डांबरी रस्ते वाढले तसे पाणी मुरायचे कमी होऊन धावायचे वाढले. कडेच्या जवळ उभे राहू नये, ही सूचना इथे शब्दशः घ्यावी. थोरल्या भावाने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता.

शेवटच्या आवाराच्या भिंतीपासून कडेपर्यंत आम्ही दोघांनी पावले मोजली. माझी एक्केचाळीस भरली, त्याची अडतीस. ‘तुझी लिही, पुढच्या वर्षी तूच मोजायचीस,’ असे तो म्हणाला, आणि नकाशात कडेची रेषा काढून शेजारी आजची तारीख घालायला लावली. त्या आवारातही दोन समाध्या आहेत, भिंतीच्या आतल्या अंगाला. त्यांच्याविषयी तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही.

बाजारात मामांनी मला सोललेल्या उक्वाची पिशवी आणि ताडतेलाची बाटली घेऊन दिली. बाटलीचे बूच मेणाने बंद करून घ्यावे, नाहीतर बसमध्ये काय होते ते माझ्या पांढऱ्या शर्टाला विचारावे. संध्याकाळी दिव्याखाली नकाशा शाईने पक्का केला. मामांनी शेजारी बसून दुरुस्त्या सांगितल्या: झऱ्याकडे जाणारी वाट मी सरळ काढली होती, ती एका आवाराला वळसा घालून जाते, कारण तिथल्या सुनेशी बोलल्याशिवाय पुढे कोणी जात नाही. प्रत्येक चौकोनात नाव आले. मोकळी जागा उरली ती खालच्या कोपऱ्यात, तिथे मी सवयीने उत्तरेचा बाण काढला.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा ओयेला, उजाडताच निघालो. नकाशाचे मूळ पान पापांनी ओबीतल्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकवून घेतले. माझ्याकडे आहे ती त्याची घाईत मोबाइलवर काढलेली प्रत, आणि तिच्यात उत्तरेचा बाण नेमका कापला गेला आहे.